लिंगभाव-पुष्टी शस्त्रक्रिया : गुंतागुंतीचा आकडा वाचायचा कसा?

रानजाई
माझा धाकटा भाऊ ट्रान्स पुरुष आहे. त्याची टॉप सर्जरी (छातीची शस्त्रक्रिया) व्यवस्थित पार पडली. आता तो फॅलोप्लास्टीचा, म्हणजे शिश्न घडवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करतोय. घरात कुणीतरी ‘चारातल्या तिघांना गुंतागुंत होते’ असं वाचलं आणि तेव्हापासून बोलणं त्या एका वाक्यापाशीच अडतंय. आई म्हणते, एवढा धोका असेल तर हात कशाला लावायचा. भाऊ म्हणतो, तुम्ही आकडा वाचलात, त्याच्या खालचं काहीच वाचलं नाहीत. मला दोघांचंही पटतं आणि दोघांनाही उत्तर देता येत नाही.

म्हणून इथे विचारतेय (त्याला विचारूनच). हा आकडा खरा आहे का? त्यात नक्की काय काय मोजतात? इतर मोठ्या शस्त्रक्रियांच्या मानाने तो किती जास्त आहे? शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा या धाग्याचा विषय नाही. तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा आहे. कृपया तिकडे जाऊ नका.

वाचनमात्र
वाचतोय. गरजेचा धागा.

टाकेघालू
शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. या रुग्णांची नंतरची काळजी जवळून पाहिली आहे, म्हणून लिहिते.

आकडा खोटा नाही. २०२२ साली फॅलोप्लास्टीवरच्या बऱ्याच अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात एकूण गुंतागुंत ७६ टक्क्यांच्या आसपास निघाली. पण त्याच लेखात पुढे फोड दिली आहे. मूत्रमार्गाला फिस्च्युला साधारण ३४ टक्के, मूत्रमार्ग आक्रसणं म्हणजे स्ट्रिक्चर साधारण २५ टक्के. उरलेल्यात जखमेच्या कडेचे टाके सुटण्यापासून जंतुसंसर्गापर्यंत बरंच काही येतं.

सर्जन लोक गुंतागुंतीची प्रतवारी करतात, तिला क्लाव्हियन-डिंडो म्हणतात. पहिल्या पायरीवर नुसतं लक्ष ठेवलं तरी भागतं, दुसरीवर औषध लागतं, तिसरीवर पुन्हा काही प्रक्रिया किंवा शस्त्रक्रिया करावी लागते, चौथीवर जिवाला धोका आणि अतिदक्षता विभाग, पाचवी म्हणजे मृत्यू. प्रतिजैविकांच्या एका कोर्सने बरा झालेला मूत्रसंसर्ग आणि हातावरून घेतलेला सगळा फ्लॅप (ज्यातून शिश्न घडवतात तो त्वचा-ऊतकाचा भाग) रक्तपुरवठ्याअभावी जाणं, दोन्ही ‘गुंतागुंत झाली’ याच रकान्यात पडतात. यातलं दुसरं क्वचित घडतं, पहिलं रोजचं आहे. फॅलोप्लास्टीतल्या बऱ्याच गोष्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवरच्या असतात. त्रासदायक, पण उपाय असलेल्या.

फिस्च्युला म्हणजे काय ते सांगते, कारण शब्द ऐकूनच माणसं घाबरतात. नवा मूत्रमार्ग जिथे जुन्याला जोडतात, तिथे शिवणीत बारीक वाट राहते आणि लघवीचे थेंब टोकाऐवजी खालच्या बाजूने येतात. आधी कपड्यावर ओला ठिपका दिसतो, मग लक्षात येतं. पोटातून मूत्राशयात घातलेला कॅथेटर (लघवीची नळी) आणखी काही काळ ठेवून लघवी तिकडून वळवली, तर लहान फिस्च्युला पुष्कळदा आपोआप भरतात. नाही भरले, तर काही महिने थांबून, सूज उतरल्यावर दुरुस्ती करतात. घाईने केलेली दुरुस्ती टिकत नाही, हे मात्र पक्कं.

बेरीजवजाबाकी
टाकेघालूताईंना अनुमोदन. संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो.

अशा एकत्रित विश्लेषणात वेगवेगळ्या पद्धती, वेगवेगळी दशकं, पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया करणारे सर्जन आणि तिच्यात मुरलेले सर्जन, सगळे एका सरासरीत येतात. एका अभ्यासात टाके सुटणं मोजलेलं असतं, दुसऱ्यात सोडून दिलेलं असतं. म्हणून एकूण टक्केवारीपेक्षा एकेका गुंतागुंतीची टक्केवारी जास्त विश्वासाची.

तुलनेचं विचारलंत. कर्करोगामुळे स्तन काढल्यावर जे पुनर्रचना करून घेतात, अशा २३४३ स्त्रियांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली आला. दोन वर्षांत जवळजवळ ३३ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली, १९ टक्क्यांना पुन्हा शस्त्रक्रिया लागली. जीव वाचवायला पुनर्रचनेची गरज नसते, तरी ‘मग करताच कशाला’ असं त्या स्त्रियांना कोणी विचारत नाही. गुडघा बदलून घेणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एक जण निकालावर समाधानी नसतो, हा आकडाही हाडांच्या डॉक्टरांना तोंडपाठ असतो.

टॉप सर्जरी या तुलनेत खालच्या अंगाला आहे. तिथली मुख्य काळजी म्हणजे त्वचेखाली रक्त साकळणं, आणि ते थोड्याच जणांत होतं. फॅलोप्लास्टी मात्र खरोखर वरच्या टोकाला आहे. ‘सगळ्याच शस्त्रक्रियांत धोका असतो’ एवढं म्हणून ती झाकता येणार नाही.

आडवाटेचा
शेवटच्या वाक्याबद्दल आभार. नाहीतर मी भांडायलाच आलो होतो.

माझी फॅलोप्लास्टी झाली आहे. मला स्ट्रिक्चर झालं. कागदावर ‘तिसरी पायरी’ लिहितात, ती जगताना कशी असते ते ऐका. लघवीची धार आधी बारीक होते, मग तिला दोन फाटे फुटतात, मग उभं राहून वाट बघावी लागते. मूत्राशय रिकामं झाल्यासारखं वाटतच नाही. बाहेर पडताना पहिला विचार स्वच्छतागृह कुठे असेल याचा. एके रात्री धार पूर्ण थांबली आणि तातडीने जावं लागलं. तिथल्या डॉक्टरांना माझी शरीररचनाच ठाऊक नव्हती. खालून नळी घालायचा प्रयत्न करू नका, पोटातून मार्ग काढा, हे वेदनेने कळवळत मी त्यांना सांगत होतो. पुढे दुरुस्ती झाली, आता ठीक आहे.

‘उपाय असलेली’ हे खरं. पण त्या उपायापर्यंत जाणारे महिने टक्केवारीत दिसत नाहीत. नोकरीतली रजा, जोडीदारावरचा ताण, पुन्हा भूल, पुन्हा कॅथेटर. आकडा मोठा करून घाबरवू नका आणि लहान करून धीरही देऊ नका.

आता रानजाईंच्या भावासाठी सगळ्यात कामाची गोष्ट, जी मला फार उशिरा कोणी समजावली. वरच्या आकड्यातला मोठा वाटा मूत्रमार्ग लांबवण्याचा आहे. उभं राहून लघवी करता यावी म्हणून हातावरच्या किंवा मांडीवरच्या त्वचेची नळी करतात, आणि फिस्च्युला, स्ट्रिक्चर तिथेच होतात. ते नको असेल, तर मूत्रमार्ग न लांबवता फॅलोप्लास्टी होते. लघवी पूर्वीच्याच जागेतून, बसून. मूत्रमार्गाचं दुखणं जवळजवळ गेलंच म्हणायचं.

म्हणजे ‘फॅलोप्लास्टीचा धोका किती’ असा एकच प्रश्न नाहीये. तुला त्यातून काय काय हवंय, त्यावर धोका ठरतो.

रानजाई
@आडवाटेचा, इतकं मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार. हा पर्याय आमच्या घरात एकदाही निघाला नव्हता. भावाला कळवते. मेटॉइडिओप्लास्टी तो ‘नको’ म्हणाला होता, पण कारण मी विचारलं नाही.

आडवाटेचा
मेटॉइडिओमध्ये हॉर्मोन्सनी वाढलेला क्लिटोरिस मोकळा करतात. हातावरून ऊतक घ्यावं लागत नाही, गुंतागुंत कमी, संवेदना शाबूत. पण आकार लहान राहतो. कोणाला चालतो, कोणाला नाही. याचं स्पष्टीकरण त्याच्याकडे मागू नका, एवढीच विनंती.

आणि इम्प्लांटचंही आधी विचारून ठेवा. ताठरतेसाठीचं उपकरण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच महिन्यांनी, संवेदना परतल्यावर बसवतात. त्यात संसर्ग, उपकरण बिघडणं, काढावं लागणं हे होतं. तो हिशेब वेगळा मांडावा लागतो.

शंखपुष्पी
दुसऱ्या बाजूने लिहिते. ट्रान्स स्त्री आहे, व्हजायनोप्लास्टी (योनी घडवण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे.

आमच्याकडचे आकडे बरेच सौम्य आहेत. २०१८ च्या एका आढाव्यात ३७१६ जणींची माहिती एकत्र केली होती. फिस्च्युला २ टक्के, योनी आक्रसणं १४ टक्के, ती बाहेर सरकणं ४ टक्के, ऊतक मृत होणं १ टक्का. समाधानी नव्वद टक्क्यांहून जास्त. सगळ्यात वाईट भीती गुदाशयाला इजा होण्याची. ती क्वचित होते, पण झाली तर दुरुस्तीसाठी काही काळ शौचासाठी पोटावर पिशवी लावायची वेळ येऊ शकते. हे मला सर्जनने पहिल्या भेटीत, मी न विचारता सांगितलं, आणि तिथेच माझा विश्वास बसला.

प्रत्यक्षात मला जे झालं त्याला आकडेवारीत कोणी मोठा मान देत नाही. ग्रॅन्युलेशन टिश्यू. जखम भरताना लाल, ओलसर, मऊ दाणे उठतात, स्पर्श झाला की रक्त येतं. डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची कांडी लावतात, जागा राखाडी पडते, मिनिटभर चुरचुरतं. बस. पण पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हा सगळं संपलं असं वाटून मी रडले. कुणीतरी आधी सांगितलं असतं की हे नेहमीचं आहे, तर ती रात्र वाचली असती.

आणि डायलेशन, म्हणजे नवी योनी आक्रसू नये म्हणून आत साधन घालून ती रुंद ठेवणं! सुरुवातीला दिवसातून अनेकदा, मग कमी कमी, पण आयुष्यभर थोडं तरी. ते टाळलं की आक्रसतं. त्या वेळात माझं इतकं वाचन झालं की मैत्रिणी म्हणायला लागल्या, आता परीक्षा देऊनच टाक. :)

आडवाटेचा म्हणाले तसंच आमच्याकडेही आहे. आतली पोकळी न करता फक्त बाहेरची रचना करता येते. मग डायलेशन नाही आणि गुदाशयाचा धोकाही फार कमी. ज्यांना आत संबंध नको असतो किंवा रोजचा तो व्याप झेपणार नसतो, त्यांच्यासाठी हा उत्तम मार्ग आहे. त्याला ‘अर्धवट’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पिंपळपान
थोडं अवांतर. लिली एल्बे ही अशा शस्त्रक्रिया झालेली सुरुवातीची ट्रान्स स्त्री १९३१ साली गेली, तो दाखला अजून धोक्यासाठी दिला जातो. तिचा मृत्यू गर्भाशय प्रत्यारोपणाच्या प्रयत्नानंतर झाला. तेव्हा ना वापरात पेनिसिलिन होतं, ना शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून द्यायची औषधं. त्याच वर्षी बर्लिनमध्ये डोरा रिश्टरवर व्हजायनोप्लास्टी झाली आणि ती पुढे कित्येक दशकं जगली. तिचं नाव फारसं कोणी घेत नाही.

पुरुषांच्या बाजूला मायकेल डिलन. सर्जन हॅरल्ड गिलीज यांनी युद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी विकसित केलेली तंत्रं वापरून १९४६ ते १९४९ या काळात डिलनवर किमान तेरा शस्त्रक्रिया केल्या. हाताच्या पुढच्या भागातला फ्लॅप वापरायची आजची रूढ पद्धत १९८४ सालची. तेव्हाच्या आणि आताच्या धोक्यांची एकत्र चर्चा करण्यात अर्थ नाही.

टाकेघालू
@पिंपळपान, अवांतर असलं तरी आवडलं.

उत्तररात्र
मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. वाईट हेतूने नाही, माझ्याही घरात हाच प्रश्न आहे. स्वीडनचा २०११ चा अभ्यास आहे. १९७३ ते २००३ दरम्यान शस्त्रक्रिया झालेले ३२४ जण. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यू आणि आत्महत्या जास्त आढळल्या. मग फिस्च्युला मोजत बसण्याआधी हे मोजायला नको का?

बेरीजवजाबाकी
मोजायला हवं. पण त्या अभ्यासात तुलना कोणाशी आहे ते बघा. शस्त्रक्रिया झालेले ट्रान्स लोक विरुद्ध सर्वसाधारण लोक. शस्त्रक्रियेने फरक पडला का, हे त्यातून कळत नाही, कारण शस्त्रक्रिया न मिळालेले ट्रान्स लोक त्यात नाहीत. लेखकांनी स्वतःच ते लेखात नमूद केलं आहे. १९८९ नंतरच्या गटात मृत्युदरातला फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठळक राहिला नाही, हेही त्यातच आहे.

योग्य तुलना म्हणजे शस्त्रक्रिया झालेले विरुद्ध हवी असून न झालेले. अमेरिकेतल्या २०१५ च्या मोठ्या सर्वेक्षणावरून २०२१ साली तशी तुलना झाली. शस्त्रक्रिया झालेल्यांत तीव्र मानसिक त्रास बराच कमी आढळला. अर्थात तेही एका वेळचं, लोकांनी स्वतः सांगितलेलं चित्र आहे. ज्यांना शस्त्रक्रिया मिळते त्यांच्याकडे पैसा आणि आधार मुळातच जास्त असण्याची शक्यता राहते. त्यामुळे मी त्यावर फार भार टाकणार नाही.

उत्तररात्र
तुलनेचा मुद्दा पटला. पण मग ‘पश्चात्ताप फक्त एक टक्का’ हे जे सगळीकडे फिरतं, त्यालाही हीच चाळणी लावा.

बेरीजवजाबाकी
लावतो. २०२१ च्या आढाव्यात २७ अभ्यास, ७९२८ जण आणि पश्चात्ताप साधारण १ टक्का. त्यातले बरेच अभ्यास थोड्या काळाचे, आणि पश्चात्तापाची व्याख्या प्रत्येकाची निराळी. ॲम्स्टरडॅमच्या १९७२ ते २०१५ च्या नोंदींत जननग्रंथी (वृषण किंवा बीजांडकोश) काढलेल्यांपैकी ०.६ टक्के ट्रान्स स्त्रिया आणि ०.३ टक्के ट्रान्स पुरुष पश्चात्ताप घेऊन परतले. पण ते परतायला सरासरी १३० महिने लागले होते, आणि बरेच लोक मधल्या काळात नोंदींतून निसटले होते. म्हणजे एक-दोन वर्षं पाहून काढलेला आकडा कमी दिसणारच. तो दुप्पट-चौपट झाला तरी इतर शस्त्रक्रियांच्या मानाने कमीच राहील असं मला वाटतं, पण ‘एक टक्का’ हे दगडावर कोरल्यासारखं सांगू नये.

उत्तररात्र
इतकं सरळ उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. धन्यवाद.

आडवाटेचा
त्यात एक भर. गुंतागुंत आणि पश्चात्ताप हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मला गुंतागुंत झाली, पश्चात्ताप नाही. माझ्या ओळखीत एकाचं सगळं विनातक्रार भरलं आणि तरी तो उदास होता, कारण संवेदना अपेक्षेइतकी आली नाही. एका रकान्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

मृगजळ
मी खालची शस्त्रक्रिया न करायचं ठरवलेली ट्रान्स स्त्री. मला पूर्वी पायात रक्ताची गुठळी झाली होती. ईस्ट्रोजेन हे हॉर्मोन, बराच वेळ चालणारी शस्त्रक्रिया, नंतरची विश्रांती, हे गुठळीचा धोका वाढवणारं सगळं एकत्र घ्यायची माझी तयारी नव्हती. शस्त्रक्रियेआधी ईस्ट्रोजेन काही आठवडे बंद ठेवण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडच्या अभ्यासांत त्याचा ठळक फायदा दिसलेला नाही, त्यामुळे बरेच सर्जन आता ते चालू ठेवतात. पण तो प्रश्न ज्यांना आधी गुठळी झालेली नाही त्यांच्यासाठी.

सांगायचं एवढंच की सरासरी माझ्या शरीराची नव्हती. त्याच कागदावरून माझी मैत्रीण ‘हो’ म्हणाली, मी ‘नाही’ म्हणाले. आम्ही दोघी मजेत आहोत आणि एकमेकींना समजावत बसत नाही.

वाचनमात्र
+१. हा प्रतिसाद अनेकांनी वाचायला हवा.

टाकेघालू
सर्जनला काय विचारायचं, असं मला व्यनित (खासगी निरोपात) दोघांनी विचारलं, म्हणून इथेच लिहिते.

तुमचे स्वतःचे आकडे काय? पुस्तकातले सांगू नका. किती जणांना फिस्च्युला, किती जणांना पुन्हा टेबलावर घेतलं, आणि ती दुरुस्ती तुम्हीच करता की दुसऱ्याकडे पाठवता? चमूत मूत्ररोग सर्जन आहे का? जे सर्जन या प्रश्नावर चिडतात त्यांच्याकडून उठून यावं, असं मी स्पष्ट सांगते.

दुसरं, निकोटिन. सिगारेट, व्हेप, पट्टी, काहीही. बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हातावरून काढलेला फ्लॅप त्याच वाहिन्यांवर जगणार असतो. शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला ठरावीक वेळाने डॉप्लर हे यंत्र लावून आम्ही त्यातला रक्ताचा आवाज ऐकतो. तो आवाज मंदावला की सर्जनला ताबडतोब बोलावणं जातं. यात रुग्णाच्या हातात असलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे निकोटिन आधीच काही आठवडे सोडणं.

केस काढण्याचंही आधीच बघा. ज्या त्वचेची मूत्रमार्गाची नळी होणार, तिथे केस राहिले तर आत खडे आणि संसर्ग. हे काम महिनोन् महिने चालतं.

आणि आडवाटेचांनी सांगितलेली ती रात्र. घरी गेल्यावर, रात्री-अपरात्री फोन कोण उचलणार? शस्त्रक्रिया दूर झाली असेल तर जवळचा कोणता डॉक्टर आधीपासून कागद पाहून ठेवणार? गुंतागुंत झाली म्हणून जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ती ओळखायला उशीर झाला म्हणून होतं. हे माझं मत, पाहून पाहून झालेलं.

शंखपुष्पी
शेवटच्या परिच्छेदाला हजारदा अनुमोदन. माझ्या शस्त्रक्रियेचा कागद फोनमध्ये असतोच, शिवाय जोडीदाराकडेही आहे. प्रोस्टेट आत तसाच असतो हेही त्यात लिहून घ्या. नंतरच्या डॉक्टरांना कळत नाही.

रानजाई
धागा भावाने पूर्ण वाचला. काल आईला वाचून दाखवला, आडवाटेचांचा प्रतिसादही न गाळता. मला वाटलं होतं ती आणखी घाबरेल. तिने फिस्च्युलाचं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं आणि मग थेट भावाला विचारलं, तुला उभं राहूनच हवंय का. तो म्हणाला, अजून ठरवलेलं नाही, सर्जनला दोन्हींचे आकडे वेगवेगळे विचारणार आहे. या विषयावर ते दोघं एवढं बोलले हेच नवीन आहे.

आईला ते अजूनही नकोच आहे, ते खोटं सांगत नाही. पण ‘चारातले तीन’ आता कोणी म्हणत नाही.

तिचा एक प्रश्न मागे राहिला. पोटातला कॅथेटर घेऊन तो घरी आला तर आम्ही काय बघायचं? तिला ते शिकायचंय. @टाकेघालू?

टाकेघालू
त्यांना माझा नमस्कार सांगा. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, झोपतानाही. नळीला पीळ पडत नाही ना, अंगाखाली दबत नाही ना, ते बघायचं. नळी ओढली जाऊ नये म्हणून ती पोटाला चिकटपट्टीने धरून ठेवायची. नळी हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. लघवी जराशी गुलाबी दिसली तर घाबरू नका. पण पिशवीत काहीच येत नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, किंवा रक्ताच्या गाठी, ताप, थंडी वाजणं, नळी निसटणं, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट न बघता फोन करायचा. निसटलेली नळी स्वतः परत घालायची नाही. पिशवी कशी रिकामी करायची ते घरी सोडण्याआधी परिचारिका दाखवतात. त्या वेळी आईंना सोबत न्या, आणि त्यांच्याच हाताने एकदा करून घ्या.